प्रकल्प नोंदी: ग्रंथालयाचा एकुलता एक सर्व्हर आणि त्यावरचा नोमॅड

१२ मे २०२५

यंत्र कुणाच्या तरी ऑफिसातून निवृत्त झालेला डेस्कटॉप आहे. चार कोर, ८ जीबी रॅम, २५० जीबीची एसएसडी, स्कॅनसाठी ४ टीबीची साधी हार्ड डिस्क. वर डेबियन १२. जागा ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, लोखंडी कपाटावर, इन्व्हर्टरला जोडून. त्यावर सध्या डॉकर कंपोजने (एका फाइलवरून अनेक कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम चालवायच्या बंदिस्त पेट्या, उठवणारं साधन) चार गोष्टी चालतात: पुस्तकांच्या सूचीची साइट (जँगोमधली), तिचा डेटाबेस पोस्टग्रेस, पुढे वेब सर्व्हर कॅडी, आणि जुन्या मासिकांच्या स्कॅनमधून मजकूर काढणारी (म्हणजे ओसीआर करणारी) टेसेरॅक्टची स्क्रिप्ट.

दुखणं या चौथ्या गोष्टीचं आहे. एखादा बांधीव खंड ओसीआरला लावला की वाचनालयातली सूची गुदमरते. ग्रंथपाल मॅडम परवा म्हणाल्या, "अहो, तुमचं स्कॅनिंग सुरू झालं की मला कार्डांचे ड्रॉवरच बरे वाटतात."

दुसरं दुखणं विजेचं. कंपोजमध्ये 'डिपेंड्स ऑन' लिहिलेलं असलं तरी तो क्रम कंपोज अप म्हणताना पाळला जातो. वीज जाऊन यंत्र परत उठलं की डॉकर डीमन (मागे सतत चालणारी सेवा) सगळे कंटेनर आपापल्या रीस्टार्ट धोरणाने उठवतो, तिथे तो क्रम नसतो. साइट आधी, पोस्टग्रेस नंतर, असं होतं. साइट दोन-चार वेळा पडून उभी राहते, कधी राहत नाही.

कंटेनरना मेमरीची मर्यादा कंपोजमध्येही घालता येते, ती घातली. अर्धा त्रास तेवढ्यानेच गेला हे इथे लिहून ठेवतो, कारण पुढे जे काही करणार आहे ते उरलेल्या अर्ध्यासाठीच आहे. उरलंय ते असं: पन्नास अंक एकदम टाकले तर जेवढे मावतील तेवढेच चालावेत, बाकीच्यांनी थांबावं, आणि हे सांभाळायला कुणी रात्री जागं राहू नये.

१४ मे

कागदावर पर्याय मांडले.

डॉकर स्वॉर्म: २०१६ पासून डॉकरमध्येच आहे, एका यंत्रावर सुरू करायला एक आज्ञा पुरते. सीक्रेट्स (पासवर्ड जपून ठेवायची सोय) मिळतात, अपडेट नीट होतं. पण रात्रीच्या कामांचं वेळापत्रक त्यात नाही, ते बाहेरून क्रॉनने लावायचं.

पॉडमन (डॉकरसारखाच कंटेनर चालवणारा) आणि त्यातलं क्वाडलेट: मनापासून आवडलेला पर्याय. पॉडमन ४.४ पासून कंटेनरची छोटी फाइल लिहायची आणि सिस्टीमडीने (लिनक्सच्या सेवा सांभाळणारा) ती स्वतःची सेवा समजून चालवायची. क्रम, रीस्टार्ट, टायमर, मेमरीची मर्यादा, सगळं सिस्टीमडीचंच. फक्त साइट आणि डेटाबेस असते तर इथेच थांबलो असतो. पण मोकळी मेमरी बघून पुढचं काम सोडणारी रांग त्यात नाही, ती आपण लिहायची.

के३एस (कुबरनेटीस या मोठ्या कंटेनर-व्यवस्थेची हलकी आवृत्ती) आणि नोमॅड (यंत्रावर मावतील तशी कामं सोडणारा हॅशिकॉर्पचा प्रोग्रॅम) या दोघांत ती रांग आहे. आधी के३एस लावून बघतो, कारण ज्याला विचारावं तो कुबरनेटीसच सांगतो.

१८ मे

के३एस बसवायला पाच मिनिटंही लागली नाहीत. एकच बायनरी (तयार प्रोग्रॅमची फाइल), आत कंटेनर चालवणारा कंटेनरडी, नावांवरून पत्ते देणारा कोअरडीएनएस, बाहेरच्या विनंत्या आत पोचवणारा ट्रॅफिक (Traefik), स्थानिक डिस्क देणारा प्रोव्हिजनर, सगळं आलं. त्याच्या स्वतःच्या नोंदींची साठवण एटसीडी या अनेक यंत्रांवरच्या डेटाबेसऐवजी एसक्यूलाइटमध्ये, एका सर्व्हरला तेच शहाणपणाचं. ट्रॅफिक बंद केला, कॅडी आहेच.

काहीही न चालवता मेमरी बघितली: के३एस आणि त्याचे साथीदार मिळून पाऊण जीबीच्या पुढे. अधिकृत अपेक्षाही सर्व्हर नोडला (नोड म्हणजे जोडलेलं एक यंत्र) किमान २ जीबी अशीच आहे, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही. पण माझ्या ८ जीबीत ती एका ओसीआरची जागा झाली.

प्रमाणपत्रांची गंमत: के३एसची अंतर्गत प्रमाणपत्रं वर्षभराची असतात, आणि मुदत जवळ आली असेल तर रीस्टार्टच्या वेळी नवी होतात. लोक त्यासाठी आठवणी लावून ठेवतात. आमच्याकडे पावसाळ्यात वीज ज्या इमानाने जाते, ते बघता हा प्रश्न आम्हाला कधीच येणार नाही.

२१ मे

आज मुद्दाम एसएसडी भरली. मोठी रिकामी फाइल करून मोकळी जागा ५ टक्क्यांखाली नेली, कारण के३एसची हाकलण्याची मर्यादा तिथे आहे. स्कॅन चुकून एसएसडीवर टाकले गेले तर इथे हीच वेळ येणार.

झालं ते असं. कुबलेटने (यंत्रावरचा के३एसचा कारभारी) आधी वापरात नसलेल्या इमेज (कंटेनरचे साचे) पुसल्या. जागा तरी पुरेना म्हणून पॉड (एकत्र चालणारे कंटेनर) बाहेर काढले, आणि नोडवर 'डिस्क प्रेशर'चा टेंट ('इथे नवं काम नको' अशी खूण) लावला. दहा नोड असते तर ते पॉड दुसरीकडे गेले असते. इथे दुसरीकडे नाहीच. साइटचा नवा पॉड 'पेंडिंग'मध्ये बसून राहिला, एकुलत्या नोडला टेंट आणि बाकी कुठे जागा नाही. मोठी फाइल काढल्यावरही टेंट लगेच उतरला नाही, काही मिनिटं गेली. आणि मग पुसलेली ओसीआरची इमेज ग्रंथालयाच्या इंटरनेटवरून पुन्हा उतरवायला घेतली तेव्हा चहा झाला, वर्तमानपत्र झालं.

यात के३एसचा दोष नाही. तो ज्या हिशेबाने वागतो तो हिशेब अनेक नोडांचा आहे. मर्यादा बदलता येतात, तेही बघितलं. पण माझ्यानंतर हे यंत्र बघणारी मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला पॉड, डिप्लॉयमेंट, सर्व्हिस, इनग्रेस, टेंट, पीव्हीसी एवढं शिकवून मग 'साइट बंद पडली तर काय करायचं' इथे यायचं, हे मला जड वाटतंय.

२६ मे

के३एस काढला, नोमॅड आणला. हाही एकच बायनरी. एकाच एजंटमध्ये (नोमॅडचा चालू प्रोग्रॅम) सर्व्हर (काम वाटणारा) आणि क्लायंट (काम चालवणारा) दोन्ही सुरू केले, 'बूटस्ट्रॅप एक्स्पेक्ट' (किती सर्व्हर अपेक्षित) १. अधिकृत सल्ला तीन किंवा पाच सर्व्हरचा आणि सर्व्हर-क्लायंट वेगळे ठेवण्याचा आहे. तो मोठ्यांसाठी. सर्व्हरला सोळा ते बत्तीस जीबी रॅम सुचवलेली वाचून क्षणभर थबकायला होतं. प्रत्यक्षात एजंट सव्वाशे एमबीच्या आसपास बसलाय. डॉकरचे डीमन वेगळे, पण ते कंपोजच्या वेळीही होतेच.

'डेव्ह' मोडमध्ये सुरू केला की सगळं चटकन दिसतं, पण त्यात डेटा टिकत नाही. चाचणीपुरताच.

परवान्याबद्दल कार्यवाह काकांनी विचारलं, म्हणून लिहून ठेवतो. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्पने नोमॅडचा परवाना एमपीएल या मुक्त परवान्यावरून बिझनेस सोर्स या बंधनं असलेल्या परवान्यावर नेला. कंपनी आता आयबीएमकडे आहे. त्यांच्याशी स्पर्धा करणारं उत्पादन विकायचं नसेल तर वापराला आडकाठी नाही, आणि ग्रंथालय तसं काही विकणार नाही. काकांचं समाधान झालं. माझं थोडं कमी झालं, पण ते तत्त्वाचं आहे.

२९ मे

पोस्टग्रेस नोमॅडमध्ये ठेवायचा नाही असं ठरवलं. डेबियनचं पॅकेज, सिस्टीमडीखाली. कंटेनर एका नोडवरून दुसऱ्यावर हलवता यावा म्हणून एवढा खटाटोप असतो. आमची डिस्क एक, यंत्र एक. हलवणार कुठे? शिवाय नोमॅड अपडेट करताना काही बिनसलं तर डेटाबेस त्यात नसलेला बरा.

मग नोमॅडला सांगावं लागतं की ही मेमरी तुझी नाही. क्लायंटच्या 'रिझर्व्ह्ड' भागात ३०७२ एमबी लिहिले: पोस्टग्रेस आणि बाकी सिस्टीमसाठी. हिशेब असा: यंत्राला दिसतात साधारण ७८५० एमबी. त्यातून ३०७२ गेले, उरले पावणेपाच जीबीच्या आसपास. साइटला ६००, कॅडीला १२८. उरलेल्या चार जीबीत १२०० एमबीचे तीन ओसीआर मावतात, चौथा मावत नाही. हे गणित भिंतीवर चिकटवलंय.

३ जून

आजचा दिवस ओसीआरचा.

जॉब 'बॅच' प्रकारचा आणि 'पॅरामीटराइज्ड' केला. म्हणजे जॉब फाइल एकदाच नोंदवायची, आणि मग प्रत्येक अंकासाठी फक्त फोल्डरचं नाव देऊन 'डिस्पॅच' म्हणायचं. नोमॅड प्रत्येक डिस्पॅचचा वेगळा उपजॉब करतो. एका खंडातले बारा अंक एकदम सोडले. तीन चालू लागले, नऊ थांबले. थांबलेल्यांसाठी नोमॅड 'ब्लॉक्ड' मूल्यमापन करून ठेवतो आणि मेमरी मोकळी झाली की स्वतःहून पुढचा घेतो. लग्नाच्या पंगतीसारखं: पानं जितकी मांडलीत तितकेच बसले, बाकीचे मांडवात उभे. मला रांगेसाठी एक ओळ लिहावी लागली नाही. हे बघून झाल्यावर मी के३एसकडे परत वळणार नाही हे नक्की झालं. तिथेही पॉड असेच थांबतात, पण तिथल्या रांगेचं भाडं पाऊण जीबी होतं.

सीपीयूचं मात्र वेगळं आहे आणि ते समजून घ्यायला हवं. जॉब फाइलमध्ये मेमरी लिहिली की ती पक्की मर्यादा, ओलांडली की कर्नल मारतो. सीपीयू मेगाहर्ट्झमध्ये लिहिला तरी डॉकर ड्रायव्हर त्याला वाट्यासारखं वागवतो. बाकी कुणाला नको असेल तर ओसीआर चारही कोर खाऊ शकतो, पण वाचक शोध घेतो तेव्हा साइटला तिचा वाटा मिळतो. आम्हाला हेच हवं होतं, म्हणून पक्की सीपीयू मर्यादा लावलेली नाही.

टेसेरॅक्ट आपलं आपण चार धागे (एकाच वेळी चालणारी उपकामं) उघडतो. तीन ओसीआर एकदम म्हणजे बारा धागे, कोर चार, नुसती मारामारी. 'ओएमपी थ्रेड लिमिट' १ केल्यावर एका पानाला जास्त वेळ लागू लागला आणि अख्खा खंड लवकर झाला.

संध्याकाळी एक जॉब पडला. बाहेर पडण्याचा कोड १३७, खाली 'ओओएम किल्ड' (मेमरी संपली म्हणून मारला). त्या अंकात मध्यभागी घडी घातलेला मोठा नकाशा होता आणि तो ६०० डीपीआयने स्कॅन केलेला. बॅच जॉबला मूळ धोरणाने दिवसात तीन वेळा पुन्हा सुरू करून बघतात. नोमॅडने ते इमानेइतबारे केलं आणि दर वेळी त्याच नकाशावर येऊन मेला. अशा ठिकाणी पुन्हा प्रयत्न करून उपयोग शून्य. स्क्रिप्टमध्येच ठरावीक आकाराच्या वरची पानं ३०० डीपीआयला उतरवतो असं केलं. मेमरीची तात्पुरती जास्तीची मर्यादा देण्याची सोय नोमॅडमध्ये आहे, आधी शेड्यूलरच्या सेटिंगमध्ये ती चालू करावी लागते. पण मग भिंतीवरचं गणित खोटं पडेल. नको.

४ जून

बाराही अंक झाले. जुन्या खिळ्यांच्या छपाईतली जोडाक्षरं टेसेरॅक्टला अजून झेपत नाहीत, पण तो वेगळा प्रकल्प.

११ जून

वाचनालयाचं वायफाय आणि हे यंत्र एकाच राउटरवर आहेत. नोमॅड मुळात सगळ्या पत्त्यांवर ऐकतो, आणि एसीएल (कुणाला काय करता येईल याचे नियम) चालू केले नाहीत तर ४६४६ पोर्टवर त्याचं पान कुणाच्याही मोबाइलवर उघडतं. उघडतं म्हणजे नुसतं दिसत नाही, त्यातून जॉबही चालवता येतो. स्पर्धा परीक्षेची पोरं दिवसभर तिथे बसतात, त्यांतल्या एखाद्याला कंटाळा आला तर?

एचटीटीपीचा पत्ता १२७.०.०.१ केला, एसीएल चालू केले, नोमॅडची उरलेली पोर्टं ४६४७ आणि ४६४८ फायरवॉलवर बाहेरून बंद. 'रॉ एक्झेक' ड्रायव्हर (कंटेनरशिवाय थेट यंत्रावर आज्ञा चालवणारा) मुळातच बंद असतो, तसाच ठेवला. पान बघायचं तर एसएसएच या सुरक्षित जोडणीच्या बोगद्यातून.

डॉकरने उघडलेली पोर्टं यूएफडब्ल्यूला (यंत्राच्या फायरवॉलला) जुमानत नाहीत, कारण डॉकर आपले नियम त्याच्या आधी घालतो. ते इथेही लागू. त्यामुळे साइटचं पोर्टही फक्त स्थानिक पत्त्यावर, बाहेर फक्त कॅडी.

रात्री नऊ वाजता नवे स्कॅन शोधून डिस्पॅच करणारा छोटा जॉब आहे, त्याला आता नोमॅडशी बोलायला परवानगी हवी. त्यासाठी टास्कच्या सीक्रेट्स फोल्डरमध्ये मिळणारं सॉकेट (नोमॅडशी बोलायची खास फाइल) वापरलं आणि धोरणात फक्त डिस्पॅचचा अधिकार दिला. त्याच जॉबमध्ये टाइमझोन 'एशिया/कोलकाता' स्पष्ट लिहिला. नाही लिहिला तर यूटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ) धरतात, आणि रात्री नऊचं काम पहाटे अडीचला सुरू होतं.

१९ जून

काल रात्री वीज गेली, इन्व्हर्टरही संपला. पहाटे आली. सकाळी मॅडमचा फोन: साइट उघडत नाही.

जाऊन बघितलं तर नोमॅड उठलेला, कॅडी उठलेला, आणि साइट 'पेंडिंग'. साइटच्या आधी चालणारं एक 'प्रीस्टार्ट' टास्क ठेवलंय, ते पोस्टग्रेस तयार आहे का विचारत राहतं. ते अजून विचारतच होतं. कुठे अडलंय हे शोधावं लागलं नाही, पानावर लिहिलेलं होतं. कंपोजच्या वेळी हेच शोधायला लॉग उपसावे लागायचे.

पोस्टग्रेस चालू होता. मग त्याच्या लॉगमध्ये मिळालं: १७२.१७.०.१ हा पत्ता घेता आला नाही. तो पत्ता डॉकरच्या ब्रिजचा (कंटेनरना यंत्राशी जोडणारं आतलं नेटवर्क). यंत्र उठताना पोस्टग्रेस डॉकरच्या आधी आला, तेव्हा ब्रिज अस्तित्वातच नव्हता. पोस्टग्रेस अशा वेळी थांबत नाही, जे पत्ते मिळाले त्यांवर चालू होतो.

सिस्टीमडीत क्रम लावून भागलं असतं. पण नेटवर्कचा हा सांधाच नको म्हणून पोस्टग्रेसचं युनिक्स सॉकेटचं (नेटवर्कशिवाय त्याच्याशी बोलायच्या फाइलचं) फोल्डर 'होस्ट व्हॉल्यूम' (यंत्रावरचं फोल्डर कंटेनरला देण्याची सोय) म्हणून साइटच्या कंटेनरमध्ये दिलं. मुख्य स्विच बंद करून, चालू करून बघितलं. साइट आपोआप वर.

ओसीआरचे तीन जॉब मध्येच मेले होते, ते पुन्हा सुरू झाले. स्क्रिप्ट झालेली पानं वगळते, आणि पान पूर्ण झाल्याशिवाय फाइलला खरं नाव देत नाही, त्यामुळे अर्धवट पान कुठे राहिलं नाही.

२७ जून

कार्यवाह काकांनी घरचा जुना लॅपटॉप आणून दिला. "हा पण जोडा की, एक बंद पडला तर दुसरा चालेल."

दोन सर्व्हर केले तर बहुमताला दोन्ही लागतात. म्हणजे कुठलाही एक बंद पडला की नोमॅडचा कारभार ठप्प, एकट्यापेक्षा वाईट. तीन असतील तर एक पडलेला चालतो. काकांना हे ग्रंथालयाच्या समितीची गणपूर्ती म्हणून लगेच पटलं, गेली सभा तशीच रद्द झाली होती.

फक्त क्लायंट म्हणून जोडता येईल, ओसीआरला हात मिळेल. पण स्कॅन आहेत त्या यंत्राच्या डिस्कवर, ते नेटवर्कवरून द्यावे लागतील, आणि यंत्रांमधलं बोलणं टीएलएसने कूटबद्ध करावं लागेल. एवढ्यासाठी नाही. लॅपटॉप बॅकअप घ्यायला ठेवला, त्याचा खरा उपयोग तोच.

८ जुलै

मॅडमना दर सकाळी यादी हवी असते: रात्री कुठले अंक झाले. नोमॅडच्या पानावर त्यांना काहीच सापडेना. पूर्ण झालेले बॅच जॉब नोमॅड मुळात चार तासांनी झाडून टाकतो, त्यामुळे मध्यरात्री संपलेलं काम सकाळी नऊला दिसत नाही. मुदत वाढवता येते, पण हे काम नोमॅडकडे मागायचंच नाही असं ठरवलं. स्क्रिप्ट आता शेवटी पोस्टग्रेसमध्ये एक ओळ टाकते: अंक, पानं, वेळ, अडलेली पानं. सूचीच्या साइटवरच एक साधं पान केलं. मॅडम तिथून प्रिंट काढतात आणि फाइलला लावतात. का, ते विचारलं नाही.

२२ जुलै

पुनर्बांधणीची तालीम. नोमॅड थांबवला, त्याचं डेटा फोल्डर बाजूला हलवलं, कोरा सुरू केला. एसीएलचं बूटस्ट्रॅप, धोरणं, मग गिटमधल्या (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) जॉब फाइल एकेक करून चालवल्या. हे सगळं मी नाही, आमच्या बीएस्सीवाल्या मुलीने केलं, मी शेजारी बसून होतो. ती दोन ठिकाणी अडली. नोमॅडच्या व्हेरिएबल्समध्ये ठेवलेला डेटाबेसचा पासवर्ड गिटमध्ये नाही (नसायलाच हवा), तो कुठे मिळेल हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आता बंद लिफाफ्यात मॅडमच्या कपाटात आहे. दुसरं, होस्ट व्हॉल्यूम एजंटच्या कॉन्फिगमध्ये असतात, जॉब फाइलमध्ये नाही, हे तिला उमगायला वेळ लागला. वाचा-फाइलमध्ये तिच्याच शब्दांत टाकलं.

साइट बदलताना आधी 'जॉब प्लॅन' (काय बदलेल याची आगाऊ यादी) बघायचा, ही तिला लागलेली सवय मला फार आवडली. एका अपडेटला तिने 'कॅनरी' १ करून बघितला, नवी साइट जुनीच्या शेजारी उभी राहावी म्हणून. ओसीआरने मेमरी भरलेली, नव्या साइटला जागा नाही, अपडेट लटकलं. कॅनरी काढला. एका यंत्रावर जुनं उतरवून नवं चढवायचं, मध्ये काही सेकंद साइट नसते. सूची शोधणारा वाचक तेवढा थांबतो.

२ ऑगस्ट

पन्नाशीच्या दशकातले खंड संपत आले. सूची अडकल्याची तक्रार एवढ्यात नाही.

राहिलेलं: जुन्या डॉकर इमेज नोमॅड काही वेळाने स्वतः पुसतो, ओसीआरची इमेज त्यातून वाचवायची आहे, कारण ती उतरवायला अर्धी सकाळ जाते. क्लायंटच्या डॉकर ड्रायव्हरमध्ये इमेज पुसणं बंद करणं सोपं, पण मग एसएसडी भरेल. तोवर इमेजची टार फाइल करून हार्ड डिस्कवर ठेवली आहे, लागली तर तिथून चढवायची. नोमॅडची नवी आवृत्ती गणपती झाल्यावर, त्याआधी हात लावायचा नाही.